सायलेन्सरमधला बोळा

ऑक्टोबर संपत आला की सांगलीत पाऊस मागे पडलेला असतो. गच्चीवर गाद्या उन्हाला टाकलेल्या असतात, दारोदारी आकाशकंदील लागत असतात, आणि मी बातम्यांमध्ये चेन्नईचं आकाश शोधत बसते. समुद्रावर कुठं कमी दाबाचा पट्टा तयार झाला, किनाऱ्यापासून किती लांब आहे, हे मला अजूनही पाहावंसं वाटतं. तिथून येऊन इतकी वर्षं झाली. तिथं आता माझं कुणी नाही. तरी पूर्वेकडून ढग आले असं कुणी म्हटलं, की माझ्या जिभेवर पेट्रोलची चव येते. खरीखुरी, कडवट, तोंड धुतल्यावरही न जाणारी.

तिथला पाऊस आपल्या पावसासारखा नाही. आपला पाऊस गाजावाजा करत येतो. मुंग्या, वारा, मातीचा वास, सगळे आधी वर्दी देऊन जातात. तो पाऊस समुद्राकडून चोरपावलांनी येतो. सकाळी डोळे दिपवणारं ऊन असतं, दहा वाजता आकाश शिशासारखं होतं, आणि मग जो लागतो तो तीन-तीन दिवस एकाच आवाजात. मला पहिल्या वर्षापासूनच त्या पावसाचा भरवसा वाटला नाही.

खरं तर मला कशाचाच भरवसा वाटत नसे. माझं कामच ते. चेन्नईत गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांमध्ये सरकारी कामासाठी सुटे भाग बनायचे. ते तपासायला मी जायची. व्हर्नियर घ्यायचा, गेज घ्यायचा, आणि समोरचा माणूस हसत चहा देत असला की आधी त्यानं ज्या ढिगाकडे पाठ केली आहे तो ढीग तपासायचा. दिवसभर असं केल्यावर संध्याकाळी घरी येऊन माणूस वेगळा होत नाही. दूधवाला, रिक्षावाला, शेजारच्या बायका तमिळमध्ये काही बोलून हसल्या, की ते माझ्यावरच आहे असं वाटायचं. एकटी बाई, परका मुलूख, भाषा येत नाही. संशय ही तेव्हा माझी छत्री होती.

दोन हजारच्या दशकातली ती मधली वर्षं. चेन्नईच्याच वेळच्चेरी भागात मी माडीवरच्या दोन खोल्यांत राहत होते. घर तंजावरकडच्या मराठी माणसांचं म्हणून सहकाऱ्यानं सुचवलं होतं. घरमालक सेतुराव वेल्लूरच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, विधुर. त्यांना मी अण्णा म्हणत असे. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस जुनं पत्र वाचून दाखवतो आहे. ‘झालं’ला ते ‘जालं’ म्हणत, ‘आहे’ला ‘अहे’, आणि वाक्याचा शेवट तमिळ सुरात वर उचलून धरत.

एकाच आवारात पुढं अण्णांचं घर आणि मागं त्यांच्या धाकट्या भावाचं, भीमरावांचं. मधे विहीर, दोन नारळ आणि पत्र्याची एक शेड. दोन्ही घरांत मिळून, मी सोडून, माणसं तीन: अण्णा, भीमराव आणि भीमरावांची बायको तुळसाक्का. आणि दोघा भावांमध्ये बावीस वर्षांत एक शब्द झालेला नव्हता.

कारण मला अण्णांनीच सांगितलं होतं. आई मागच्या घरात वारली तेव्हा ते वेल्लूरला होते. भीमराव म्हणत होते की एका ओळखीच्या बस ड्रायव्हरबरोबर लगेच निरोप धाडला. अण्णा म्हणत होते की कुणी आलंच नाही. ते पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता, धाकट्याच्या हातानं.

“निरोप धाडला असता तर पोचला असता,” अण्णा म्हणायचे. “वेल्लूर काय लंकेत अहे?”

तेव्हापासून अण्णा सगळ्यावर नजर ठेवून असत. पडलेला नारळ कुठल्या बाजूला पडला, विहिरीचा दोर कुणी ओला ठेवला, शेडची कडी सकाळी होती तशीच आहे का. मला हे सगळं विचित्र वाटायला हवं होतं. मला ते रास्त वाटायचं. आमचं चांगलं जमायचं.

शेडमध्ये पाणी उपसायचा पंप होता, पेट्रोलवर चालणारा, हातभर लांबीचं इंजिन असलेला. आवार रस्त्यापेक्षा खोलगट असल्यामुळे दर पावसाळ्यात तो लागायचाच. भीमराव रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, म्हणून पंप त्यांच्याकडे. आदल्या पावसाळ्यात मी माडीवरून पाहिलं होतं. ते शेडमधून पंप काढून मागं नेत, तास-दोन तासांनी तो धडधडत सुरू होई, आणि मग न बोलता पाइपचं तोंड आधी अण्णांच्या पायरीशी आणून ठेवत. अण्णा खिडकीच्या आतून बघत. तेही न बोलता.

त्या वर्षी आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, भीमरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मागच्या ओसरीत ते वेताच्या खुर्चीत बसून असायचे. डोळे मात्र पूर्वीसारखेच होते, फिटरचे, एखादी गोष्ट सैल आहे का ते बघणारे.

मग तो पाऊस आला. पहिल्या दिवशी आवारात घोटाभर पाणी, दुसऱ्या दिवशी वीज गेली, तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर विहीर आणि अंगण यांतला फरक कळत नव्हता. विहिरीवरची बादली अंगणभर हिंडत होती. अण्णांचं जोतं उंच, अजून दोन पायऱ्या कोरड्या होत्या. मागच्या घराची मात्र एकच पायरी उरली होती.

अण्णांनी धोतर गुडघ्यावर खोचलं आणि शेड उघडली. आम्ही दोघांनी उंच चौथऱ्यावरचा पंप उचलून त्यांच्या ओसरीत आणला. पोत्याचं आवरण काढलं आणि अण्णा थबकले.

“हे बघा,” ते म्हणाले. “बघा ओ विजयाबाई, काय करून ठेवलं अहे!”

मी वाकून पाहिलं. टाकी कोरडी ठणठणीत. ठिणगी पाडणारा प्लग जागेवर नव्हता, त्या भोकात लाकडाचं बूच ठोकलेलं. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा इतका आत कोंबलेला, की दोन बोटांनी हाती लागेना.

“उंदीर असतील,” मी म्हणाले, पण मलाच ते पटलं नाही.

“उंदीर लाकडाचं बूच मारतो?”

मी गुडघ्यावर बसले. खरं सांगायचं तर मला आत कुठंतरी बरं वाटत होतं. तीन दिवस घरात अडकून पडल्यावर हातात काहीतरी तपासायला आलं होतं. मी बोळ्याकडे पाहिलं, बुचाकडे पाहिलं, टाकीच्या खालचा कॉक बंद आहे हे पाहिलं, आणि गिंडीतल्या कारखान्यात द्यावा तसा निकाल दिला.

“अण्णा, हे आपोआप झालेलं नाही. माणसाच्या हातचं काम आहे. मुद्दाम केलेलं.”

प्रत्येक शब्द खरा होता. आज इतक्या वर्षांनी मला त्याचीच भीती वाटते.

अण्णा उठले आणि पाण्यातून मागच्या घराकडे निघाले. मी त्यांच्या मागं. तुळसाक्का उंबऱ्याशी पोती रचत होत्या. भीमराव खुर्चीत, पाय एका पाटावर उचलून ठेवलेले.

“त्याला विचार,” अण्णा तुळसाक्कांना म्हणाले. भावाकडे त्यांनी पाहिलंही नाही. “विचार, प्लग कुठं अहे? इंजिनाचा गळा दाबून ठेवलास तो कशाला? मी बुडावं म्हणून?”

“आम्हीच आधी बुडूं, भावजी,” तुळसाक्का म्हणाल्या. “घर आमचं खाली अहे.”

“तेव्हा त्याला काय ठाऊक होतं, हातपाय जाणार म्हणून? मार्गळीत, पाऊस सरल्यावर ठेवलं ना इंजिन? तेव्हा हा चालत होता की. तेव्हा याला वाटलं, ह्या वर्षी थोरल्याला दाखवतो!”

भीमरावांच्या घशातून आवाज आला. शब्द नव्हता, नुसता जोर होता. मग त्यांनी डावा हात उचलला. मूठ वळली, अंगठा मुठीत आत खुपसला, आणि झटक्यानं बाहेर काढून अण्णांसमोर धरला. परत तेच केलं, आणखी जोरानं.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला.

“बघितलंत?” ते माझ्याकडे वळून म्हणाले. “तोंड गेलं तरी मला अंगठा दाखवतो!”

मीही ते पाहिलं होतं. मलाही तो अंगठाच दिसला.

माझ्याकडे मोपेड होती. तिचा प्लग काढून इंजिनाला लावून पाहू म्हणून मी ती जिन्याखालून ओढली. आटे जुळले नाहीत. दुकानं सगळी पाण्यात, गल्लीच्या उतरत्या टोकाशी मांडीभर पाणी. हात धुवायला म्हणून मी माडीवर गेले. साबण लावला, आणि हात नाकाजवळ आला तेव्हा थांबले.

बूच उपटताना माझ्या बोटांना तेल लागलं होतं. ते स्वच्छ होतं. इंजिनात वापरलेलं तेल काळं असतं, त्याला जळका वास असतो. माझ्या बोटांवरचं तेल मधासारखं होतं. कुणीतरी ते नवं ओतलं होतं, आतमध्ये, प्लगच्या भोकातून.

एखाद्याला इंजिन मारायचं असेल तर तो आत वाळू टाकेल. तेल कशाला ओतेल?

मी ओल्या हातांनीच खाली पळाले. अण्णा आत निघून गेले होते. मी ते बूच उचलून या वेळी नीट पाहिलं. ते ठोकलेलं नव्हतं. सुरीनं निमुळतं तासलेलं होतं, काचकागदानं घासलेलं, आणि आट्यांना इजा होऊ नये म्हणून त्यावर मऊ कापड गुंडाळलेलं. मग मी इंजिन सुरू करायच्या दोरीची चक्री हातानं हलकेच फिरवली. दट्ट्या अगदी वरच्या टोकाला आणून थांबवलेला होता, दोन्ही झडपा बंद राहतील असा. म्हणजे दमट हवा आत जाणार नाही, गंज चढणार नाही. टाकी कोरडी केलेली, कारण साठलेलं पेट्रोल चिकट होतं आणि बारीक भोकं बुजवतं. आणि बोळा उंदरांसाठीच होता. उंदरांनी केलेला नव्हे, उंदरांनी आत घर करू नये म्हणून घातलेला.

इतकं निगुतीनं मिटवून ठेवलेलं यंत्र मी गिंडीत कधी पाहिलं नव्हतं. आणि मी त्याला गुन्हा ठरवलं होतं.

मागच्या घराकडे जाताना पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. तुळसाक्कांनी मला पाहिलं आणि वाट अडवली.

“आतां काय पाहिजे? मुद्दाम केलं म्हणून तूंच सांगितलीस ना?”

“मी चुकले, अक्का,” मी म्हणाले. “मुद्दाम केलं हे खरं. पण ते जपण्यासाठी केलं. मला आधी कळलं नाही.”

त्यांनी हातातलं पोतं खाली टाकलं. मग बाजूला झाल्या.

मी भीमरावांसमोर खाली वाकले. त्यांनी परत मूठ वळली, अंगठा आत घातला, बाहेर काढला. एकाच हाताचा माणूस दुसरं काय करणार? मूठ म्हणजे सायलेन्सर, अंगठा म्हणजे बोळा. मी म्हणाले, “बोळा काढायचा, होय ना?” त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग तोच अंगठा घराच्या आत वळवला.

तुळसाक्कांनी स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवरून कॉफीचा जुना डबा काढला. आत तेलकट कागदात, त्यावर दोरा गुंडाळून, प्लग होता. टोक घासून चकचकीत केलेलं.

अण्णांना मी तो तळहातावर दाखवला आणि सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. चष्मा काढून पुसला. शेवटी एवढंच म्हणाले, “आतां काय करायचं, सांगा.”

“मला नाही येत. त्यांना येतं.”

तेव्हा आम्ही इंजिन पाण्यातून धरून मागच्या ओसरीत नेलं. भीमरावांच्या खुर्चीपासून दोन हातांवर ठेवलं. बोळा वाकड्या तारेनं निघाला, तीन वीत लांब, जुन्या धोतराचा. मोपेडच्या टाकीत नळी घालून मी पेट्रोल तोंडानं ओढलं. ती चव तिथली. भीमराव डाव्या हाताच्या बोटांनी सांगत होते आणि आम्ही करत होतो. आधी प्लग न लावताच दोरी ओढायची, म्हणजे आतलं तेल उडून जाईल. ते उडालं, अण्णांच्या सदऱ्यावर. मग प्लग. मग पंपाच्या पोटात तांब्यानं पाणी भरायचं. मग हवा आवळायचा चोक.

दोरी मी ओढून पाहिली, अंगात जोर पुरेना. अण्णांनी चक्रीला दोरी गुंडाळली. वय सत्तरीला टेकलेलं. एकदा ओढली, काही नाही. दुसऱ्यांदा एक खोकला आला आणि विझला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाणी उंबऱ्यावरून आत झिरपायला लागलं होतं; तुळसाक्का फडक्यानं ते मागं लोटत होत्या.

अण्णा धापा टाकत वाकले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “चोक उघडूं कां, भीमा?”

तुळसाक्कांचा हात फडक्यावर थांबला. बावीस वर्षांनंतरचे ते पहिले शब्द होते, आणि ते एका बोटभर पत्र्याच्या पट्टीबद्दल होते.

भीमरावांनी दोन बोटांमध्ये थोडंसं अंतर धरून दाखवलं. अर्धा.

अण्णांनी अर्धा उघडला आणि दोरी ओढली. आतून पांढऱ्या धुराचा लोट आला, ओसरी भरून गेली, जळक्या तेलाचा वास नाकात गेला, आणि त्या धुरात ते इंजिन अडखळत, ठेचकाळत, मग एका लयीत धडधडायला लागलं. पाइप फुगला. गल्लीच्या कडेच्या नाल्यात पाणी पडायला लागलं.

दुपारभर ते चालू होतं. त्या आवाजात बोलता येत नव्हतं, म्हणूनच की काय, अण्णा तिथंच जमिनीवर बसून राहिले. संध्याकाळी पेट्रोल संपून इंजिन थांबलं. पायरी वर आली होती. त्या शांततेत अण्णांनी भावाकडे सरळ पाहून विचारलं, “तेव्हां निरोप खरंच धाडला होतास?”

भीमरावांनी मान हलवली. होय.

अण्णा त्यांच्या चेहऱ्याकडे खूप वेळ बघत होते. मीही बघत होते, सवयच ती. डोळ्यांत पाणी होतं, पण धुरानं आमच्या सगळ्यांच्याच डोळ्यांत होतं.

तुम्हाला वाटेल, इथं सगळं संपलं. तसं होत नाही. संशय हा पाण्यासारखाच असतो, उपसला तरी भिंतीत ओल राहते. दुसऱ्याच दिवशी अण्णा माडीवर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “सगळं पटलं. पण प्लग आपल्या घरांत कां नेऊन ठेवला? शेडमध्ये खिळ्याला टांगला असता की.”

मी तुळसाक्कांना विचारलं. “शेडमध्ये दमट असतं, गंजेल म्हणून,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “असं त्यांनी सांगितलं. माझ्या मनांत मी दुसरं समजलें.” काय समजल्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

भीमरावांना विचारायला मी गेले होते. त्यांना प्रश्न कळला, हे मला दिसलं. त्यांनी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. डावा हात मांडीवर तसाच ठेवून ते विहिरीकडे बघत राहिले.

त्या पावसाळ्याच्या उरलेल्या दिवसांत अण्णा रोज मागच्या ओसरीत जाऊन बसत. पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. मधेच थांबून भावाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत, आणि परत वाचू लागत. पुढच्या उन्हाळ्यात दुसरा झटका आला आणि भीमराव गेले. वर्षभरानं माझी पुण्याला बदली झाली.

निवृत्त होऊन मी सांगलीला आले त्या वर्षी, असाच पाऊस टीव्हीवर दिसत असताना अण्णांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. पाणी आलं का, पंप चालतो का, मी विचारलं. ते त्यांनी बाजूला सारलं. मग म्हणाले, “विजयाबाई, तुम्ही तपासणी करणाऱ्या. खोटं बोलणार नाही. सांगा. मी त्याच्या दाराशीं जाऊन मागावा, म्हणून त्यानं प्लग घरांत ठेवला. होय ना?”

माझ्याजवळ काही पुरावा नव्हता. दमट हवेत प्लग गंजतो, हे मला पक्कं माहीत होतं.

“होय, अण्णा,” मी म्हणाले. “त्यासाठीच ठेवला.”

 वर्गातल्या मुलाचं गणित बरोबर आल्यावर तमिळमध्ये म्हणत असतील तसं ते हळूच “सरी” म्हणाले, आणि फोन ठेवला.